वसतिगृहातल्या मुलींसाठी आत्मकथनं: कुठून सुरुवात करू?

बालाघाटची ताई:
आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुली आहेत. बऱ्याच जणींचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. रविवारी आम्ही गोल बसून मोठ्याने वाचतो. आतापर्यंत आणलेल्या पुस्तकांत गरीब मुलगी असते, पण तिच्या वतीने बोलणारं भलतंच कुणीतरी असतं. तिने स्वतः सांगितलेलं हवंय, बोलीत असेल तर फारच छान. काय आणू?

नीरेकाठची:
बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणा, आणि तेच आधी. बेबीताई फलटणला छोटं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांचं वाचन वाढलं. दुकानात बसूनच त्या लिहायच्या, घरच्यांपासून चोरून, आणि वह्या वर्षानुवर्षं दडवून ठेवायच्या. 1982 मध्ये ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं, 1986 मध्ये पुस्तक झालं. तुमच्या मुलींना हे आधी सांगा, मग पान उघडा. मला हे पुस्तक जवळचं वाटतं ते एका कारणाने: गावाने महारवाड्यावर केलेला जुलूम त्या सांगतातच, पण घरातल्या घरात सुनांचे झालेले हाल आणि बाळंतिणींची उपासमारही झाकत नाहीत. आपल्याच माणसांबद्दल असं लिहायला केवढं धाडस लागलं असेल! काही पानं फार जड आहेत. ती वाचल्यावर लगेच पुढे जाऊ नका, मुलींना बोलू द्या.

शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ त्यानंतर घ्या. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते लिहिलं. त्यातली नायिका नाजा सोलापूरकडचं बोलते, तुमच्या मुलींना ते परकं वाटणार नाही.

साखरपा:
ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ विसरू नका. शाळेत मास्तर शेण काढायला लावतात, मारतात, आणि टोपल्या विणून घर चालवणारी विधवा आई त्यांनाच जाब विचारते. माझ्या वर्गात हा भाग वाचला तेव्हा मागच्या बाकावरची एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, “बाई, परत वाचा.”

बालाघाटची ताई:
मनापासून आभार. या सगळ्या मोठेपणी लिहित्या झाल्या. आमच्या मुलींच्याच वयाच्या कुणी लिहिलेलं काही आहे का?

नीरेकाठची:
आहे की! मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. भाषा जुनी आहे, पण निबंध छोटा आहे, एका बैठकीत होईल. वाचायला तुम्ही घेऊ नका, एखाद्या मुलीलाच द्या.

साखरपा:
आणि गोपाळ समाजातल्या जनाबाई गिऱ्हे यांचं ‘मरणकळा’. भटकंतीतलं बालपण आहे. दर हंगामाला ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहून आलेल्या पोरींना ते समजावून सांगावं लागणार नाही.