ॲपची साइनिंग की डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असावी का?

कीचेनवाला:
आमच्याकडे यावरून वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतोय. (साइनिंग की म्हणजे ॲपवर 'हे आमचंच' अशी डिजिटल सही करणारी गुप्त किल्ली.) छोटी कंपनी, क्लायंटची ॲप्स, आयओएस आणि अँड्रॉइड दोन्ही. नवा माणूस रुजू झाला की आयओएसची डिस्ट्रिब्युशनची पी-१२ फाईल (स्टोअरला जाणारं ॲप साइन करायचं सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली) नि तिचा पासवर्ड त्याला व्हॉट्सॲपवर जातो. अँड्रॉइडची कीस्टोअर फाईल (तिकडची किल्ली हिच्यात असते) तर गिट रेपोतच, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यातच, आणि तिचा पासवर्ड शेजारच्या फाईलमध्ये उघडा. माणूस सोडून गेला की लॅपटॉप जमा होतो, व्हॉट्सॲप जमा होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. डेव्हलपरकडे डेव्हलपमेंट सर्टिफिकेट आणि डीबग कीस्टोअर (दोन्ही चाचणीपुरती), बस्स. स्टोअरला जाणारा बिल्ड (कोडपासून बनलेलं ॲप) फक्त सीआय मशीनवर, म्हणजे बिल्ड आपोआप बनवणाऱ्या सामायिक मशीनवर, साइन व्हावा. डिसेंबर २०२२ मध्ये सॅमसंग, एलजी, मीडियाटेक यांच्या अँड्रॉइड प्लॅटफॉर्म किल्ल्यांनी साइन केलेलं मालवेअर उघडकीला आलं होतं. फोनची सिस्टीम ज्या किल्लीने साइन होते तीच ही किल्ली, म्हणजे अशा ॲपला थेट सिस्टीमचे हक्क मिळू शकतात. एवढ्या मोठ्यांच्या किल्ल्या बाहेर जातात, तिथे आपण कोण?

घाटमाथा:
तत्त्व छान, व्यवहार वेगळा. शुक्रवारी संध्याकाळी सीआय आडवं झालं आणि क्लायंट फोनवर ओरडतोय, तेव्हा काय करणार?

आणि मुळात एवढं घाबरायचं कशाला? ॲपलचं डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट गेलं तर रिव्होक (रद्द) करा, नवीन काढा, प्रोफाइल (ॲपला सर्टिफिकेटशी जोडणारी फाईल) पुन्हा बनवा. ॲप स्टोअरवर असलेल्या ॲपला काही होत नाही. तसंही ते वर्षभराने एक्स्पायर होणारच असतं. अँड्रॉइडला ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना प्ले ॲप साइनिंग सक्तीचं आहे. खरी किल्ली गूगलकडे, तुमच्याकडे नुसती अपलोड की, गूगलला बिल्ड पाठवताना लागणारी. हरवली तर प्ले कन्सोलमधून (प्ले स्टोअरचं डेव्हलपरसाठीचं पान) रीसेट मागता येते. चोराला मिळाली तरी कन्सोलचं लॉगिन नसेल तर ती घेऊन तो करणार काय?

कीचेनवाला:
नव्या ॲपचं ठीक हो. आमच्याकडची जुनी ॲप्स प्ले ॲप साइनिंगमध्ये कधी घातलीच नाहीत. त्यांची कीस्टोअर हरवली की अपडेट कायमचे बंद. नवं पॅकेज नेम, नवं लिस्टिंग, रेटिंग शून्यावर, आणि जुन्या ग्राहकांना 'हे काढा, ते टाका' सांगत बसा.

चोरीला गेली तर त्याहून वाईट, आणि तिथे कन्सोल लागतच नाही. त्याच किल्लीने साइन केलेली, वरच्या व्हर्जनची एपीके (अँड्रॉइड ॲपची इन्स्टॉल फाईल) कोणी व्हॉट्सॲपवरून फिरवली, तर फोन तिला अपडेट समजून मूळ ॲपच्या जागी बसवतो. आतला डेटा आयता तिच्या हातात.

'रिव्होक करा' हेही सगळीकडे फुकट नाही. एंटरप्राइझ सर्टिफिकेटवर वाटलेली ॲप्स रिव्होक झाल्यावर चालायचीच थांबतात. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलने फेसबुकचं एंटरप्राइझ सर्टिफिकेट रद्द केलं, कारण कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सर्टिफिकेटवर त्यांनी बाहेरच्या लोकांना रिसर्च ॲप वाटलं होतं. त्यांच्या ऑफिसातली बसची आणि जेवणाच्या मेनूची ॲप्ससुद्धा बंद पडली. पाठोपाठ गूगलवरही तीच वेळ आली.

टेस्टिंगवाली:
तुमचं चोर-पोलीस चालू द्या, मला रोजचं दुखणं सांगायचंय.

डेव्हलपर त्याच्या मशीनवरचा डीबग बिल्ड देतो. मी गूगल लॉगिन तपासते, पास. तोच कोड प्लेच्या इंटर्नल ट्रॅकवर (टीमपुरतं चाचणीसाठीचं वाटप) जातो आणि लॉगिन होत नाही, लॉगमध्ये एपीआय एक्सेप्शन १० ही एरर. मग चार जण कोड उसवत बसतात. कोडमध्ये काही नसतं. फायरबेसमध्ये (ॲपसाठीची गूगलची सेवा, लॉगिन तिच्यात नोंदवलेलं) डीबग कीस्टोअरचा एसएचए-१, म्हणजे किल्लीचा ठसा, घातलेला असतो, फार तर अपलोड कीचा. पण प्लेवरून उतरणारं ॲप गूगलने स्वतःकडच्या किल्लीने पुन्हा साइन केलेलं असतं, आणि तिचा एसएचए-१ प्ले कन्सोलच्या ॲप साइनिंगच्या पानावरून उचलून फायरबेसमध्ये टाकायला कोणाला आठवत नाही. मॅप्सच्या एपीआय कीला (नकाशा मागवायचा परवाना) त्याच डीबगवाल्या एसएचए-१चं बंधन घातलेलं असेल तर नकाशाही कोरा.

म्हणून माझं मत कीचेनवाल्यांना, पण कारण वेगळं. जो बिल्ड ग्राहकाकडे जाणार तोच माझ्याकडे यावा. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरचा बिल्ड तपासून मी सही कशावर करू?

आणि कृपा करून ॲड हॉकसाठी (स्टोअरशिवाय ठरावीक फोनवर वाटप) यूडीआयडी (फोनचा ओळख क्रमांक) मागणं थांबवा. वर्षाला फक्त १०० आयफोन रजिस्टर होतात, मधेच एखादा काढला तरी ती जागा मेंबरशिप रिन्यू होईपर्यंत मोकळी होत नाही. ॲपलच्या टेस्टफ्लाइटवर (चाचणीचे बिल्ड वाटायची सोय) बाहेरचे १०,००० टेस्टर चालतात. बिल्ड ९० दिवसांनी मरतो, मरू दे, तोवर नवा आलेला असतो.

एकटा_फ्रीलान्सर:
सीआय वगैरे मोठ्यांचे चोचले आहेत. माझ्याकडे एक मॅकबुक, तेच ऑफिस. पण धाग्यात खरा प्रश्न कोणी घेतलाच नाही: अकाउंट कोणाच्या नावावर?

क्लायंट म्हणजे दुकानदार. म्हणतो, 'तुमच्याच अकाउंटवर टाका ना, आमची कशाला झंझट.' प्लेचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, ते देतो. ॲपलचे ९९ दर वर्षी म्हटलं की तोंड वाकडं. तरी मी अकाउंट त्याच्याच नावाने काढायला लावतो. उद्या आमचं फाटलं तर त्याचं ॲप माझ्याकडे ओलीस नको.

आता गंमत बघा. प्रोप्रायटरशिप असेल तर ॲपल कंपनी म्हणून घेत नाही, इंडिव्हिज्युअल अकाउंटच मिळतं. त्यात मला ॲप स्टोअर कनेक्टवर (ॲप चढवायची ॲपलची साइट) युजर म्हणून घेता येतं, पण सर्टिफिकेटच्या पोर्टलवर नाही. मग लोक काय करतात? मालकाचा ॲपल आयडी नि पासवर्ड घेतात आणि रात्री फोन लावतात, 'शेठ, सहा आकडी कोड आला असेल, सांगा.' इथे कसली डोंबलाची सुरक्षा! निदान त्याच्या लॉगिनमधून एपीआय की (पासवर्डऐवजी प्रोग्रामला वापरता येणारी किल्ली) काढून घ्यावी, अपलोडला ओटीपीची कटकट राहत नाही. तिची पी-८ फाईल एकदाच डाउनलोड होते, तेव्हाच जपून ठेवायची.

घाटमाथा:
फ्रीलान्सर, पटलं. टेस्टिंगताई, तुमचंही, एसएचए-१वर आमच्याही रात्री गेल्यात.

पण कीचेनवाले, सीआयमध्ये किल्ली ठेवली की सुरक्षित झाली, हे मान्य नाही. सीआयची वायएमएल फाईल (त्याने काय करायचं याच्या सूचना) कोण लिहितं? तेच डेव्हलपर. लॉगमध्ये सीक्रेट (सीआयत ठेवलेली किल्ली किंवा पासवर्ड) चांदण्यांनी झाकलेलं दिसतं, पण तेच बेस-६४ करून, म्हणजे वेगळ्या अक्षरांत बदलून, छापलं की उघडं. म्हणजे कुलूप नवं, किल्ली पायपुसण्याखालीच. आधी एक लॅपटॉप फुटला तर एक किल्ली जायची, आता एक सीआय अकाउंट फुटलं की सगळ्या क्लायंटच्या.

कीचेनवाला:
मुद्दा बिनतोड. म्हणून रिलीजचा जॉब प्रोटेक्टेड ब्रँचवरूनच (कोणालाही थेट बदलता न येणारी कोडची शाखा) चालावा, सीक्रेट त्या जॉबपुरतंच असावं आणि दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय तो सुरूच होऊ नये. हे न करता नुसत्या किल्ल्या तिथे टाकणाऱ्यांना तुमचं वाक्य लागू. फास्टलेनच्या मॅचचंही (टीममध्ये सर्टिफिकेट वाटायचं साधन) तसंच: सर्टिफिकेट एन्क्रिप्ट होऊन रेपोत जातात, पण पासफ्रेज टीमच्या ग्रुपवर पिन केलेला असेल तर आनंद आहे.

मुक्तस्रोत:
गूगलकडे किल्ली आहे म्हणून सगळे निवांत दिसतात. माझं ॲप आमच्या वेबसाइटवरूनही एपीके म्हणून जातं. प्लेची किल्ली वेगळी, आमची वेगळी. प्लेवरून घेतलेल्या ॲपवर वेबसाइटची एपीके बसतच नाही, 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' एवढंच येतं. यावर उपाय आहे: प्ले ॲप साइनिंगला नाव घालतानाच स्वतःची किल्ली द्यायची, नवी बनवू द्यायची नाही. पण मग ती किल्ली तुम्हालाच सांभाळायची आहे, आणि तिला रीसेट नाही.

घाटमाथा:
बरं, डिस्ट्रिब्युशन सर्टिफिकेट लॅपटॉपवरून काढतो. पण सीआय बंद पडलं तर हाताने साइन करायला एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत, एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर राहणार, आणि पासफ्रेज दोघांना ठाऊक असणार. यावर तडजोड नाही.

कीचेनवाला:
पेनड्राइव्ह चालेल. ते दोघे डेव्हलपर नकोत. एक तुम्ही, एक अकाउंट्सवाल्या मॅडम.

घाटमाथा:
मॅडमना पासफ्रेज दिला तर तो एक्सेलमध्ये जाईल.