ट्रायफिनाइलफॉस्फिनसाठी ॲनोड प्लॅटिनमचा चालेल की जस्तच हवं?

केगावची_विद्यार्थिनी:
सोलापूर विद्यापीठात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये ब्रोमोबेंझिन आणि क्लोरोडायफिनाइलफॉस्फिनपासून विजेच्या साहाय्याने ट्रायफिनाइलफॉस्फिन (फॉस्फरसला तीन फिनाइल गट जोडलेलं संयुग) करायचंय. उत्प्रेरक निकेल ब्रोमाइड-बायपिरिडीन, द्रावक डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड), पडदा नसलेला साधा सेल. लॅबमध्ये प्लॅटिनमची जाळी आहे, पण पेपरांत बहुतेक ठिकाणी जस्ताचा नाहीतर मॅग्नेशियमचा ॲनोड दिसतो. प्लॅटिनम का नको? आणि थेट पांढऱ्या फॉस्फरसपासून सुरुवात केली तर क्लोरीनचा टप्पाच टळेल ना?

चिंचोळी_केमिस्ट:
जस्तच घे बाळा. कॅथोडवर निकेलला इलेक्ट्रॉन मिळून निकेल(0) होतो, तो ब्रोमोबेंझिनच्या कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो आणि पुढे फिनाइल गट फॉस्फरसला जाऊन मिळतो. पण कॅथोडवर जेवढे इलेक्ट्रॉन दिलेस, तेवढे ॲनोडवर कुणाकडून तरी घ्यावेच लागतात. प्लॅटिनम स्वतःचे देत नाही. मग ब्रोमाइडचं ब्रोमीन होतं आणि ते तुझ्याच फॉस्फिनवर तुटून पडतं. जस्त असलं की ते स्वतः विरघळतं, माल शाबूत राहतो. जाळी कॅथोडला लाव.

हिशेब आधीच मांडून ठेव. 5 मिलिमोलला, 2 फॅरेडे प्रति मोल (म्हणजे एका मोलला दोन मोल इलेक्ट्रॉन) धरून, 965 कूलोम लागतात. 50 मिलिअँपिअरला साधारण 5 तास 22 मिनिटं. तेवढ्यात जस्त 0.33 ग्रॅमच्या आसपास झिजायला हवं. आधी आणि नंतर पट्टी धुऊन, वाळवून वजन कर. झीज फारच जास्त दिसली तर जस्त विजेशिवायही खर्च होतंय असं समज.

डीएमएफकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. आपल्याकडे सहज मिळतो, पण उन्हात पडलेल्या बाटलीला अमाईनचा वास येत असेल तर ती वापरू नकोस. डायमिथिलअमाईन फॉस्फरस-क्लोरीन बंधाला आधी गाठतं. पाण्याचंही तेच. ताज्या तापवलेल्या मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषणाऱ्या मण्यांवर) ठेव, नायट्रोजन सोड, मगच क्लोरोफॉस्फिन घाल.

क्लोरीनबद्दलचा तुझा प्रश्न मला फार आवडला. क्लोरोफॉस्फिन ज्यापासून बनतं ते, म्हणजे फॉस्फरसला क्लोरीन जोडून केलेलं फॉस्फरस ट्रायक्लोराइड मी वर्षानुवर्षं हाताळलंय. पावसाळ्यात ड्रम उघडला की दमट हवेत धूर आणि घशाला आग. त्यातला क्लोरीन शेवटच्या मालात उरतच नाही, सगळा मीठ नाहीतर आम्ल होऊन बाहेर पडतो. कझानच्या अर्बुझोव्ह संस्थेत युलिया बुदनिकोवा, दिमित्री याख्वारोव्ह यांनी नेमका हाच टप्पा वगळायला निकेल आणि वीज वापरून पांढऱ्या फॉस्फरसवर काम केलंय. अर्बुझोव्ह म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमातल्या मायकेलिस-अर्बुझोव्ह अभिक्रियेतलेच. पण एमएस्सीच्या लॅबमध्ये तो फॉस्फरस आणू नकोस. हवेत तो साधारण 30 अंशांलाच पेटतो आणि आपल्याकडे मार्चपासून दुपारचा पारा त्याच्या कितीतरी वर असतो.

एनएमआरवाली_ताई:
फॉस्फरस-31 एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसचे संकेत मोजून कोणतं संयुग आहे ते ओळखायची चाचणी) नक्की कर. ट्रायफिनाइलफॉस्फिन उणे 5 ते 6 पीपीएमला, ऑक्साइड 29 च्या आसपास, उरलेलं क्लोरोफॉस्फिन 82 जवळ. नमुना पुण्याला पाठवणार असशील तर नायट्रोजनखाली सील कर, नाहीतर वाटेत किती ऑक्साइड झालं आणि सेलमध्ये किती, हे वेगळं काढता येणार नाही.

केगावची_विद्यार्थिनी:
धन्यवाद सर, ताई. ॲनोडला जस्ताची पट्टी बाजारातून आणली तर चालेल?

चिंचोळी_केमिस्ट:
चालेल, शुद्ध जस्ताची असली तर. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, वरचा थर गेला की खालचं लोखंड विरघळू लागेल. पट्टी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पाण्याने, मग ॲसिटोनने धू आणि लगेच वापर.