अवेट लिहिलं, तरी कोड थांबला नाही: तुमचे अनुभव सांगा

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीचे परवा दोन दिवस एका बगमध्ये गेले. चूक तीच, जी मी सहा वर्षांपूर्वी केली होती: जावास्क्रिप्टमध्ये फॉरईचच्या (ॲरेतल्या, म्हणजे यादीतल्या, प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारी पद्धत) आत अवेट (‘हे काम संपेपर्यंत थांब’). आतलं फंक्शन जे प्रॉमिस (‘निकाल नंतर देतो’ असं सांगणारा ऑब्जेक्ट) परत देतं, त्याकडे फॉरईच बघतच नाही. सगळी कामं सुरू करून देतं आणि पुढच्या ओळीवर जातं. माझ्या वेळी ३०० बिलं डेटाबेसात पडायच्या आधीच ‘बिलं तयार आहेत’ असा मेल गेला होता. अवेटपाशी खरंच थांबणारा फॉर-ऑफ लूप लावला, तेव्हा सुटलं. ॲरे आणि प्रॉमिस एकत्र आल्यावर तुम्ही कुठे अडकलात, ते लिहा. तिला वाचायला देणार आहे.

*

मी फिल्टरमध्ये (‘हो’ उत्तर आलेलेच घटक ठेवणारी पद्धत) अडकले. कोणाला परवानगी आहे हे सर्व्हरला विचारून यादी गाळायची होती. फिल्टरला असिंक फंक्शन दिलं, तर सगळेच आत! एरर नाही, काही नाही. असिंक फंक्शन कायम प्रॉमिसच देतं, आणि प्रॉमिस हा ऑब्जेक्ट असल्यामुळे फिल्टरच्या लेखी उत्तर ‘हो’. परवानगीच्या कामात ही चूक फार भयंकर आहे. आता आधी मॅपने प्रत्येक घटकाचं प्रॉमिस, मग प्रॉमिस.ऑलने सगळ्यांची उत्तरं गोळा, आणि शेवटी साधा फिल्टर. कोण आधी संपलं याच्याशी संबंध नाही, उत्तरं मूळ ॲरेच्याच क्रमाने येतात, त्यामुळे इंडेक्स जुळतो.

*

प्रॉमिस.ऑलबद्दल एक सांगतो. ४० फोटो चढवत होतो, एक फसला, सगळंच रिजेक्ट. मी चाळीसही पुन्हा पाठवले आणि बरेच फोटो दोनदा चढले. एक फसलं म्हणून बाकीची कामं रद्द होत नाहीत, ती मागे चालूच असतात. जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीत आलेलं प्रॉमिस.ऑलसेटल्ड वापरा. प्रत्येकाचा निकाल वेगळा मिळतो, फसलेलेच परत पाठवता येतात.

*

फॉर-ऑफ सरसकट नको. ५०० रिक्वेस्ट, प्रत्येकी २०० मिलिसेकंद, म्हणजे १०० सेकंद. सगळ्या एकदम सोडल्या तर समोरून ४२९ (‘फार रिक्वेस्ट आल्या’ ही सर्व्हरची एरर). दहा-दहाचे गट केले, दहा-बारा सेकंदांत काम झालं.

*

धागाकर्ता: फिल्टरचा प्रतिसाद वाचून तिने आमच्याच कोडमध्ये तशी एक जागा शोधली. दुरुस्ती तीच करते आहे.