मदत हवी आहे : स्वेच्छानिवृत्ती आत्ता घ्यावी की आठव्या वेतन आयोगापर्यंत थांबावं?

नमस्कार. मी कोल्हापुरात राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. वय ५५, नोकरी १९९९ पासून, म्हणजे जुनी पेन्शन. स्वेच्छानिवृत्तीसाठीची २० वर्षांच्या सेवेची अट कधीच पूर्ण झाली आहे. चौकशी वगैरे प्रलंबित नाही, सेवापुस्तकही वेतन पडताळणी होऊन आलंय. ५८ ला अजून तीन वर्षं आहेत.

आई गारगोटीला अंथरुणाला खिळून आहे, म्हणून तीन महिन्यांची नोटीस द्यायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, "दे की सोडून, गोठा बघ!" पण घरकर्जाचे चार हप्ते अजून बाकी आहेत, त्यामुळे त्याआधी नाही.

१ जुलैच्या वेतनवाढीचा हिशेब झालाय. ती हातची जाऊ नये म्हणून ३१ जुलै तारीख धरलीय. घोडं अडलंय ते आयोगापाशी. सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण राज्यात नवा पगार हातात पडला २०१९ ला. आस्थापनेच्या टेबलावर विचारलं तर "थांबा, घाई कशाला" एवढंच. एका निवृत्त साहेबांनी मात्र जीआरची झेरॉक्स हातात ठेवली, ती तीनदा वाचूनही डोक्यात शिरली नाही.

आयोगाआधी निवृत्त झालं तरी पेन्शन नंतर सुधारते हे कळलं. मला उपदान (ग्रॅच्युइटी), शिल्लक ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे आणि ४० टक्के अंशराशीकरण (पेन्शनचा तेवढा भाग आधीच एकरकमी घेणं) या तिन्हींबद्दल विचारायचंय. २०१५ च्या शेवटी आणि २०१६ च्या सुरुवातीला निवृत्त झालेल्यांपैकी इथे कुणी असेल तर सांगा : या एकरकमी रकमांत दोघांना प्रत्यक्षात किती फरक पडला?