ऑफर लेटरमध्ये नसलेला बाँड हँडबुकात निघाला, काय करू?

मंडळी, मी डिचोलीचा, वेर्ण्याला एका कंपनीत आठ महिने झाले. मडगावात बरी ऑफर आलीय म्हणून राजीनामा द्यायला गेलो तर एचआरवाली मॅडम म्हणते आधी दीड लाख भरा. कसले म्हटलं? ऑफर लेटर दोन पानी, त्यात पैशांचं काहीच नाही, फक्त शेवटी एक ओळ की कंपनीचे नियम लागू राहतील. हे नियम म्हणजे 36 पानांचं हँडबुक, जॉइनिंगच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात त्याच्या पोचपावतीवर सही घेतली आणि पुस्तक काही हातात दिलं नाही. आता बघतो तर पान 31 वर दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर दीड लाख भरायचे, वर सोडल्यावर दोन वर्षं गोव्यात तसल्याच कंपनीत काम करायचं नाही! आणि ट्रेनिंग काय, तीन दिवस एसी हॉलमध्ये स्लाइडी बघितल्या नि दुपारी शीत-कडी जेवलो.

उत्तर १
दोन्ही गोष्टी वेगळ्या धर. नोकरी सोडल्यानंतरची बंदी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही, सही असली तरी. बिनधास्त जा मडगावला, फक्त फॉर्म्युले, गिऱ्हाइकांच्या याद्या असलं काही पेनड्राइव्हवर नेऊ नको, त्यावर मात्र ते खरंच कोर्टात जातील.

उत्तर २
पण म्हणून बाँडही गेला असं समजू नको हां. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख ही अट मान्य केलीय. तिथे अट भरतीच्या जाहिरातीतच उघड छापलेली होती, तुझी पान 31 वर दडवलेली, हा मुद्दा तू मांडू शकतोस. शिवाय त्याच करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. तीन दिवसांच्या स्लाइडींचा हिशेब लेखी माग, मजा येईल.

उत्तर ३
मी म्हापशात असाच फसलो, घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा आणि आत लॉक-इन (त्याआधी घर सोडायचं नाही ही अट) पण अकराच महिन्यांचा, चौथ्या महिन्यात बदली झाली तेव्हा कळलं, डिपॉझिट गेलं. तुझी ओरिजिनल मार्कशीटं त्यांच्याकडे नाहीत ना रे?

मूळ लेखक
नाहीत, आईने द्यायलाच दिली नव्हती. काल हिशेब मागायचा ईमेल टाकला, तासाभरात मॅडमचा फोन, "आपण बोलून मिटवूया." म्हटलं, ईमेलवरच बोला.