बारीक माणसाची शुगर

कोणीतरी लिहिलंय की गोव्यात डायबेटिस वाढला कारण लोक सुशेगाद (म्हणजे निवांत), भात-मासे खाऊन दुपारी ताणून देतात. अहो पण भात-मासे आणि दुपारची झोप काय आत्ता आली का? २०२३ ला आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या डायबेटिस पाहणीचे आकडे आले त्यात गोवा २६.४ टक्के, देशात पहिला, मागोमाग पुदुच्चेरी नि केरळ, देशाची सरासरी ११.४. माझ्या मते शेतातलं काम सुटलं, दारात स्कूटर आली आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला, हे जास्त पटतं.

आणि ते "मी बारीक आहे, मला काय होतंय" वाले, त्यांच्यासाठी पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं उदाहरण. २००४ मधे लॅन्सेटमधे त्यांचा आणि ब्रिटिश डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यातली बाळंही त्यांनी तपासली, वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच कमी, पण कमी पडलेलं ते मुख्यतः स्नायू वगैरे, चरबी त्यामानाने टिकून. म्हणजे बारीक अंगात जास्त चरबी, आणि त्यातून शुगर, याची सुरुवात आईच्या पोटातूनच आणि आपण दोष देतोय जिलबीला (तिचाही आहे थोडा, नाही असं नाही).

बाकी गोव्याला हसणाऱ्यांनी यूपी बघा, डायबेटिस ४.८ टक्केच पण प्रीडायबेटिस (म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे) १८, त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कंबरेला टेप लावा आणि नुसती उपाशीपोटीची नको, जेवणानंतरचीही शुगर तपासा.