बेस गिटारला कन्सोलची ऊब: प्रीअँप पेडल हवं की नको?

मंद्र: बेस साध्या डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल अँपशिवाय थेट मिक्सरला जोडणारी डबी) मिक्सरला दिला की स्वर स्वच्छ येतो, पण कोरडा. म्हणून हल्ली मी पेडलांच्या साखळीच्या शेवटी कन्सोलच्या, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरच्या, धर्तीचं प्रीअँप पेडल (सिग्नल वाढवणारी पायाजवळची डबी) लावतो; १९७० च्या नीव्ह १०७३ या कन्सोल-प्रीअँपच्या वळणाचं, आत खरा ट्रान्सफॉर्मर (लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार) असलेलं. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) इतकाच, की जोरात छेडलेला स्वर तेवढा किंचित खरखरावा. माझ्या मते याची गरज गिटारवाल्यापेक्षा बेसवाल्याला जास्त आहे. लेव्हल तीच असली तरी ट्रान्सफॉर्मरचा गाभा खर्जातल्या स्वरांना आधी सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची मर्यादा गाठली जाऊन स्वर किंचित बदलतो. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ, छोट्या स्पीकरला तो झेपतच नाही. सॅच्युरेशनने १२३ हर्ट्झ आणि त्यावरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) वाढतात आणि कान त्यावरून खालचा स्वर ओळखतो. मिक्समध्ये बेस ऐकू येतो तो असा.

जुनीतार: अजिबात पटलं नाही. बेसवादक जेम्स जेमर्सन अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत अँपशिवाय थेट वाजवायचा. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, वर्षानुवर्षं न बदललेल्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. ऊब तिथून येते. कोऱ्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, खणखणीत) तारा चढवायच्या, बोटं ब्रिजला चिकटवून वाजवायचं आणि गोलाई पेडलकडे मागायची, हे उफराटं आहे. आधी बोटं नेकच्या दिशेने सरकवा, टोन नॉब अर्धा बंद करा. यात दमडीचाही खर्च नाही.

मंद्र: बोटांबद्दल वादच नाही. पण मोटाउनचा तो डीआय बॉक्सही ट्रान्सफॉर्मरवालाच होता, हे का सोडता? जेमर्सनची तर्जनी त्याच लोखंडातून टेपवर गेली. आपल्याकडच्या कार्यक्रमात मिळेल त्या डिजिटल मिक्सरला वायर जोडतात, तिथे हे लोखंड आपणच न्यायला हवं.

फेडरवाला: मी मिक्सरच्या बाजूने बोलतो. मूळ १०७३ चालतो २४ व्होल्टवर. नऊ व्होल्टच्या पेडलला, आत व्होल्टेज वाढवायची सोय नसेल तर, तेवढी हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा) मिळत नाही. ॲक्टिव्ह बेसने (आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या) स्लॅप मारला, म्हणजे अंगठ्याने तार ठोकली, की ट्रान्सफॉर्मरच्या आधी ट्रान्झिस्टरच सिग्नलची टोकं कापतो, आणि तो आवाज टोचतो. शिवाय काही पेडलांत ट्रान्सफॉर्मर नसतोच, नुसता रंग आणि नॉब कन्सोलसारखे. तेव्हा घेण्याआधी आत काय आहे ते विचारा. आणि तुलना करताना पेडल चालू-बंद दोन्ही वेळा लेव्हल सारखी ठेवा. आवाज थोडा जरी मोठा झाला तरी तोच गोड वाटतो, दुकानात हमखास असंच होतं.

जुनीतार: लेव्हल जुळवून ऐकलं तर निम्मे लोक पेडल परत ठेवतील.

मंद्र: लेव्हल जुळवायचं मान्य. मी तसं ऐकूनच ठेवलं आहे. फरक मोठा नाही, पण गायक गायला लागल्यावरही बेस दबत नाही.

फेडरवाला: मग मला दोन लाइन देत जा, एक पेडलच्या आधीची स्वच्छ, एक नंतरची. स्टेजवरच केलेलं सॅच्युरेशन मला नंतर काढता येत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर खर्ज पातळ झाला तर एका चॅनलची पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणे) उलटवून बघू.